जपानी जीवनसूत्रे आणि आपले स्वस्थवृत्त : एक विचार

गेल्या काही वर्षांत जपानी शब्दांनी आपल्याकडील सुशिक्षित घरांत चांगलेच बस्तान बसविले आहे. ‘इकिगाई’ म्हणजे जगण्याचे कारण, ‘हारा हाचिबू’ म्हणजे आठ भाग पोट भरेपर्यंतच जेवणे, ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नान, ‘किंत्सुगी’ म्हणजे फुटलेले भांडे सोनेरी सांध्याने जोडण्याची कला. रुग्ण हे शब्द घेऊन वैद्यांकडे येतात, औषधी दुकानांत त्या नावांचे चहा आणि चूर्णे मागतात. स्पॅनिश लेखकद्वयाने 2016 मध्ये लिहिलेले ‘इकिगाई’ हे पुस्तक मराठीतही आले आणि पुष्कळांनी ते वाचले. अशा वेळी वैद्यवर्गाच्या साधारणपणे दोन प्रतिक्रिया आढळतात. एक, ‘यात नवे ते काय, हे सर्व आपल्या संहितांत आधीच सांगितले आहे’. आणि दुसरी, ‘लोकांना हवे ते नाव द्यावे, माल खपल्याशी कारण’. प्रस्तुत लेखकाच्या मते या दोन्ही प्रतिक्रिया आपले नुकसान करणाऱ्या आहेत. जपानी परंपरेकडून घेण्यासारखे खरोखर काही आहे. परंतु ते घेण्यापूर्वी ती परंपरा नेमकी कोणती, हे पाहणे अगत्याचे आहे.

जुने किती, नवे किती?

प्रथम थोडी निवड करू. ‘शिनरिन-योकू’ हा शब्द प्राचीन नव्हे. जपानच्या वनखात्याने तो 1982 मध्ये प्रचारात आणला. चार वर्तुळे एकमेकांना छेदताना दाखवून मध्यभागी ‘इकिगाई’ लिहिणारी जी आकृती सर्वत्र दिसते, ती तर मुळात जपानी नाहीच. ‘जीवनाचा हेतू’ दाखविणारी ती आकृती पाश्चात्त्य लेखनातील असून, 2014 मध्ये एका इंग्रजी लेखकाने तिच्या मध्यावर जपानी शब्द ठेवला. आवड, कौशल्य, जगाची गरज आणि मिळकत हे चारही जुळल्याशिवाय इकिगाई सापडत नाही, असे ती आकृती सुचविते. जपानी माणूस मात्र नातवंडांना, बागेतल्या भाजीला किंवा सकाळच्या फेरफटक्यालाही सहज आपले इकिगाई म्हणतो. त्यातून पैसा मिळावा ही अट तेथे नाही.

वनात फिरणे हितकर नाही असे येथे म्हणावयाचे नाही. परंतु ज्यांच्या शास्त्रात द्रव्याची परीक्षा नाम, रूप, गुण यांनी करावयाची असते, त्यांनी विचारांचीही तशीच परीक्षा करावयास नको काय? बाजारातील भेसळयुक्त केशर ओळखणाऱ्या आपल्या नजरेने शब्दांतील भेसळही ओळखली पाहिजे.

‘योजोकुन’ आणि त्याचा कर्ता

जपानच्या आरोग्यविचाराचा अस्सल आणि लोकप्रिय ग्रंथ पाहावयाचा तर 1713 मधील ‘योजोकुन’ पाहावा. ‘योजो’ म्हणजे जीवनाचे पोषण व जतन, आणि ‘कुन’ म्हणजे उपदेश. कर्ता काइबारा एक्केन (1630–1714) हा क्यूशू बेटावरील फुकुओका येथील कुरोदा घराण्याच्या सेवेतील कन्फ्यूशियन पंडित होता. वनस्पती आणि औषधी द्रव्ये यांवरील त्याचा ‘यामातो होन्झो’ हा ग्रंथ 1709 मधील. त्यात तेराशेंहून अधिक द्रव्यांची नोंद आहे. लहानपणी प्रकृतीने नाजूक असलेला हा मनुष्य ऐंशी ओलांडून जगला आणि ‘योजोकुन’ लिहिला तो वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी. पुस्तकी उपदेशाला स्वतःच्या देहाची साक्ष जोडलेली असल्याने त्याचे वजन वाढले.

ग्रंथाचे आठ खंड आहेत. आहार, पेये, चहा व तंबाखू, कामसंयम, निद्रा, स्नान, रोग टाळण्याची दक्षता, वैद्याची निवड, औषधाचा वापर, वृद्धांची जपणूक, बालसंगोपन, सूचिवेध आणि अग्निकर्म असा त्याचा विस्तार आहे. आपल्या दिनचर्या, ऋतुचर्या, सद्वृत्त या प्रकरणांशी परिचित असलेल्या वाचकास येथे परकेपणा वाटणार नाही. जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये, थोडी शतपावली करावी. पदार्थ कितीही रुचकर असला तरी पोट आठ-नऊ भाग भरताच हात आखडावा. क्रोध, चिंता आणि अतिबोलणे यांनी शरीरातील चैतन्य खर्ची पडते, ते जपावे, असा त्याचा उपदेश आहे.

‘हारा हाचिबू’चे मूळ शोधणारे येथे येऊन थांबतात. आपण मात्र चरकाच्या विमानस्थानातील ‘त्रिविधकुक्षीय’ अध्याय आठवावा. तेथे कुक्षीचे तीन अंश कल्पून एक घन आहारास, एक द्रवास आणि एक वात-पित्त-कफांस दिला आहे. वाग्भटाने चार अंश मानून दोन अन्नास, एक पेयास दिला आणि चौथा वायूच्या संचारासाठी मोकळा ठेवला. अंक निरनिराळे आहेत, पण पचनाला जागा हवी हा विचार समान आहे.

याचे श्रेय ‘त्यांनी आपल्याकडून घेतले’ अशा घाईने लाटू नये. तांबा यासुयोरी याने 984 मध्ये सिद्ध केलेल्या ‘इशिन्पो’ या तीस खंडांच्या जपानी वैद्यकसंग्रहात, चिनी ग्रंथांच्या आणि बौद्ध वाङ्मयाच्या वाटेने गेलेले भारतीय वैद्यकाचे काही अंश आढळतात, हे खरे. परंतु ‘योजो’ची मुख्य धारा चीनमधील जीवनपोषणाच्या विचारातून आली आहे. दोन स्वतंत्र परंपरा दीर्घ निरीक्षणानंतर एकाच निष्कर्षाशी पोहोचल्या असतील, तर त्या निष्कर्षाचे बळ उलट वाढते. एकाने दुसऱ्याची नक्कल केली असे म्हटल्याने ते बळ कमी होते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आपल्याहून त्याने काय अधिक केले?

तेव्हा ‘हे आपल्याकडे होतेच’ या वाक्यापुढे एक अवघड प्रश्न उभा राहतो. होते, तर ते घराघरांत का पोहोचले नाही? एक्केन हा मोठा पंडित होता. विद्वानांच्या चिनी भाषेत लिहिणे त्याला सहज शक्य होते. तरीही त्याने हा ग्रंथ सामान्य वाचकाला समजेल अशा साध्या जपानीत लिहिला. तो वाचण्यास वैद्याची पायरी चढावी लागत नसे. म्हणूनच तीनशे वर्षांनंतरही तो जपानमध्ये छापला आणि वाचला जातो.

आपल्या स्वस्थवृत्ताची स्थिती पाहावी. पदवी परीक्षेत त्यावर प्रश्न येतात, व्याख्यानांत त्याचे श्लोक म्हटले जातात. परंतु रुग्णाच्या हाती जो कागद पडतो त्यावर औषधांची नावे, मात्रा आणि अनुपान एवढेच असते. पथ्य म्हणून तोंडी सांगितले जाते ते ‘तेलकट, आंबट, वातूळ टाळा’ या ठरीव चार शब्दांत. रुग्ण दाराबाहेर पडेपर्यंत ते विसरलेला असतो, आणि त्याची जागा मग कोणाच्या तरी जपानी पुस्तकाने घेतली तर दोष कोणाचा?

एक्केनचा आणखी एक विचार औषधी दुकानदारांना प्रथम कटू वाटेल. औषधाचा स्वभाव एकांगी असतो, ते योग्य ठिकाणी पडले नाही तर अपायच करते. अन्न आणि वागणूक सुधारून जो विकार आपोआप शमणार आहे त्यासाठी औषध घेऊ नये, असे तो बजावतो. हा औषधाचा द्वेष नव्हे, कारण ग्रंथाचा एक खंडच त्याने औषधोपयोगास दिला आहे. आपल्याकडेही युक्तिज्ञ वैद्याच्या हातचे विष औषध होते आणि अयुक्त वापरलेले औषध विष होते, हे शिकविलेले आहेच.

जपानने हा धडा विसाव्या शतकाच्या अखेरीस मोठी किंमत देऊन पुन्हा गिरविला. तेथील पारंपरिक ‘कांपो’ औषधांच्या तयार अर्कांना 1976 पासून आरोग्यविम्यात मोठ्या प्रमाणावर स्थान मिळाले. त्यांपैकी ‘शो-साइको-तो’ हा योग यकृताच्या जीर्ण दाहावर सर्रास दिला जाऊ लागला. कांपोच्या शास्त्रानुसार औषध द्यावयाचे ते ‘शो’ पाहून, म्हणजे रुग्णाचे बल, प्रकृती आणि लक्षणसमूह पाहून. परंतु येथे रोगाचे नाव पाहूनच ते दिले गेले. फुप्फुसांच्या गंभीर विकाराच्या तक्रारी येऊ लागल्या आणि 1996 मध्ये दहा रुग्णांच्या मृत्यूंची नोंद झाल्यावर शासनाला तातडीचा इशारा द्यावा लागला. ‘वनस्पतीजन्य आहे, अपाय होत नाही’ असे वाक्य ग्राहकाला ऐकविण्यापूर्वी प्रत्येक दुकानदाराने हे प्रकरण आठवावे.

इकिगाई : कुष्ठधामातील शोध

आता ‘इकिगाई’कडे वळू. या शब्दाचा गंभीर विचार प्रथम केला तो कामिया मिएको (1914–1979) या मनोविकारतज्ज्ञ विदुषीने. त्यांचा ग्रंथ 1966 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामागे ओकायामाजवळच्या नागाशिमा बेटावरील ‘आइसेइएन’ या सरकारी कुष्ठधामातील त्यांचे काम होते. घर, गाव, नाव हे सर्व ज्यांच्यापासून हिरावले गेले, अशी माणसे तेथे राहत होती. एकाच छताखाली, एकाच रोगाने ग्रस्त असलेल्यांपैकी काही जण रिकामेपणाने खचून जातात, तर काही जण दृष्टी गेली, बोटे झडली तरी उत्साहाने जगतात, हे कसे, असा प्रश्न त्यांना पडला. शारीरिक हानी किती, यावरून त्याचे उत्तर मिळत नव्हते. कोणाला आपली गरज आहे, उद्या करावयाचे काही काम आहे, अशी जाणीव ज्यांच्यापाशी होती ते तगून राहत होते. ‘इकिगाई’ ही वस्तू आणि ‘इकिगाई’ असल्याची भावना यांत त्यांनी भेद केला, तोही मननीय आहे. मराठी वाचकाला येथे आनंदवनाची आठवण येणे स्वाभाविक आहे. दानाऐवजी कुष्ठरुग्णांच्या हाती काम देण्याचा मार्ग बाबा आमटे यांनी तेथे स्वीकारला होता.

पुढे तोहोकू विद्यापीठाच्या संशोधकांनी मियागी प्रांतात 40 ते 79 वयाच्या 43,391 व्यक्तींची सात वर्षे पाहणी केली. ‘तुमच्या आयुष्यात इकिगाई आहे काय?’ एवढाच साधा प्रश्न विचारलेला होता. ‘नाही’ म्हणणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले; ते मुख्यतः हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे आणि अपघातादी बाह्य कारणांमुळे होते, कर्करोगात तसा फरक दिसला नाही. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेली ही पाहणी निरीक्षणात्मक आहे. इकिगाई दिले की आयुष्य वाढते असे तीवरून सिद्ध होत नाही. आजारी मनुष्याचा उत्साह आजारामुळेच मावळलेला असू शकतो. तरीही तो एक प्रश्न विचारण्याजोगा आहे, एवढे नक्कीच ठरते.

चरकाने प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा या तीन एषणा सांगितल्या आणि आयुष्याचे सुख-असुख, हित-अहित असे भेद केले. जो दुसऱ्याच्या हितात रमतो त्याचे ते हितायु. अष्टविध परीक्षेत नाडी, मल, मूत्र, जिह्वा पाहणारे आपण रुग्णाला ‘सकाळी कशासाठी उठावेसे वाटते?’ असे कधी विचारतो काय? निवृत्त झालेले, विधवा झालेले, मुले परदेशी गेलेले कितीतरी रुग्ण अग्निमांद्य आणि अनिद्रा घेऊन येतात. त्यांच्या व्याधीचे मूळ कित्येकदा त्या प्रश्नाच्या उत्तरात असते.

मोरिता आणि सत्त्वावजय

जपानी विचाराचा तिसरा उपयुक्त धागा म्हणजे मोरिता शोमा (1874–1938) यांची चिकित्सा. टोकियोतील जिकेई वैद्यकीय संस्थेत अध्यापन करणाऱ्या या तज्ज्ञांनी 1919 च्या सुमारास अतिचिंताग्रस्त, आपल्याच लक्षणांकडे सतत पाहत बसणाऱ्या रुग्णांसाठी ती सिद्ध केली. तिचे चार टप्पे आहेत. पहिल्या सुमारे आठवड्यात एकांतात संपूर्ण विश्रांती. नंतर हलकी कामे. मग श्रमाची कामे. आणि अखेरीस नेहमीच्या जीवनात प्रवेश. रुग्णाने रोजनिशी लिहावी आणि वैद्याने तीवर शेरे द्यावेत, असाही प्रघात होता. या चिकित्सेचे सार ‘आरुगामामा’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ ‘जसे आहे तसे’. भीती वाटते तर वाटो, छाती धडधडते तर धडधडो; हातातले काम मात्र करावे. भावना आपल्या आज्ञेत नाहीत, कृती आहे.

येथे आपल्या सत्त्वावजयाशी तुलना करताना साम्याबरोबर भेदही पाहावा. सत्त्वावजयात अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह सांगितला आहे. मोरिता मनाशी झुंजू नका, असे सांगतात. ज्याला मनोनिग्रहाचा उपदेश केला की तो अधिकच आपल्या मनाकडे पाहत बसतो, अशा रुग्णासाठी मोरितांची वाट जवळची आहे. व्यसनी, अतिलोभी, क्रोधी रुग्णासाठी निग्रह हवा. प्रकृतीनुसार औषध बदलणाऱ्यांना उपदेशही प्रकृतीनुसार बदलण्यात अडचण वाटू नये. मात्र तीव्र विषाद असलेला किंवा आत्मघाताचे विचार बोलून दाखविणारा रुग्ण कोणत्याही उपदेशावर न ठेवता मनोविकारतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठविला पाहिजे.

परिस्थितीचे भान

या सर्वांत एक धोका आहे आणि त्याचाही धडा जपानच देतो. दीर्घायुष्यासाठी जगभर गाजलेल्या ओकिनावा बेटांचे पुरुष आयुर्मानात 1995 मध्ये जपानच्या 47 प्रांतांत चौथे होते. 2000 च्या गणनेत ते एकदम 26 व्या स्थानी घसरले आणि 2020 मध्ये 43 व्या. ‘हारा हाचिबू’ हा शब्द तेथून नाहीसा झालेला नव्हता. 1972 पर्यंतच्या अमेरिकी ताब्याच्या काळात आणि त्यानंतर तेथील ताट बदलले. रताळी आणि भाज्यांच्या जागी डबाबंद मांस आणि चरबीयुक्त झटपट पदार्थ आले, पायी चालणे जाऊन मोटार आली. आजी-आजोबांचे सूत्र नातवाच्या तोंडी राहिले, पण पोटात उतरले नाही.

दुसरे उदाहरण अतिश्रमाचे. ‘कारोशी’ म्हणजे अतिकामाने येणारा मृत्यू, हाही शब्द जपाननेच जगाला दिला आणि तो रोखण्यासाठी तेथे 2014 मध्ये कायदा करावा लागला. ज्या देशात मनाच्या खंबीरपणाची एवढी सूत्रे आहेत तेथेही केवळ सूत्रांनी भागले नाही. म्हणून बारा-बारा तास उभे राहून काम करणाऱ्या, रात्रपाळीने निद्रा हरवलेल्या रुग्णास ‘आपले इकिगाई शोधा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या दुःखाचा भार त्याच्याच माथी मारणे होय. कामाच्या वेळा, वेतन, घरातील ओझे हेही निदानपंचकातील हेतूंत मोडतात. वैद्याने ते नोंदवावेत आणि जेथे शक्य आहे तेथे कुटुंबीयांशी बोलावे.

आपण काय करावे?

येथे एक व्यावहारिक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पथ्यापथ्य समजावण्यात वीस मिनिटे घालविली तर त्याचे मोल कोण देणार? रुग्ण पैसे मोजतो ते पुडीचे आणि बाटलीचे. अनेक वैद्यांचे शुल्क औषधाच्या किमतीतच धरलेले असते, आणि दुकानदाराचे पोट तर विक्रीवरच चालते. हा प्रश्न टाळून केलेला कोणताही उपदेश पोकळ ठरेल.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की सल्ल्याचे शुल्क औषधापासून वेगळे करावे आणि ते उघडपणे सांगावे. ज्या वस्तूला आपण स्वतःच मोल लावीत नाही, तिचे मोल रुग्णाने का ओळखावे? त्याबरोबर प्रत्येक रुग्णाला त्याची प्रकृती, वय, व्यवसाय आणि ऋतू पाहून एक पानभर दिनक्रम साध्या मराठीत लिहून द्यावा. जेवणाची वेळ, मात्रा, चालणे, झोप आणि दिवसातील एक आवडीचे किंवा दुसऱ्याच्या उपयोगी पडणारे काम, अशी पाच कलमे त्यात असली तरी पुरे. पुढील भेटीत औषधाच्या आधी त्या कागदाची चौकशी व्हावी.

औषधी दुकानदारांनी जपानी नावाची लेबले लावण्याच्या मोहात पडू नये. लाट ओसरली की ती नावे जातील, आणि त्यांबरोबर दुकानावरचा विश्वासही जाईल. त्यापेक्षा ‘हे आपणांस नको, आधी आठ दिवस जेवण सांभाळून पाहा’ असे सांगणारा विक्रेता ग्राहकाच्या स्मरणात पिढ्यान्‌पिढ्या राहतो. एका पुडीची विक्री बुडते, पण ते घर जोडले जाते. जुन्या गावांतील काष्ठौषधींच्या दुकानांची पत अशाच शब्दांवर उभी राहिलेली आहे.

शेवटी, आपल्या संघटनेनेही एक काम अंगावर घ्यावे असे सुचवावेसे वाटते. स्वस्थवृत्ताचे एक छोटे, निर्दोष आणि संस्कृतचे ओझे नसलेले मराठी पुस्तक तयार करावे. ते शेतकऱ्याला, गृहिणीला, रिक्षाचालकाला आणि संगणकापुढे बसणाऱ्या तरुणाला सारखेच वाचता यावे, आणि त्यात कोणत्याही औषधाची जाहिरात नसावी. एक्केनने असे काम एकट्याने आणि वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी केले. आपण तर संख्येने हजारो आहोत. वाचकांनी या सूचनेचा विचार करून आपली मते याच नियतकालिकाकडे अवश्य कळवावीत, ही नम्र विनंती.